कोळवणच्या अंगणातील लोहमार्ग

पौडहून कोळवणकडे जाणारा रस्ता वाळकी नदीच्या खोऱ्यात शिरला, की दोन्ही अंगांना भाताची खाचरे, त्यांच्या पाठीशी डोंगरांच्या रांगा आणि उत्तरेच्या बाजूस तिकोन्याचा अणकुचीदार माथा अशी एक बंदिस्त व शांत सृष्टी सुरू होते. या मुलुखातून आगगाडी कधी गेलेली नाही. मुंबई-पुण्याचा लोहमार्ग डोंगरांच्या पलीकडे, मळवली-कामशेतच्या अंगाने निघून गेला आहे. तथापि गेली काही वर्षे आमच्या कोळवणच्या घरामागील अंगणात एक लोहमार्ग नांदत आहे. त्याची लांबी ३६ मीटर, दोन रुळांमधील अंतर ४५ मिलिमीटर, आणि त्यावर धावणारे वाफेचे इंजिन सुमारे तीन किलो वजनाचे, म्हणजे एका हातात सहज उचलता येईल एवढे. हा छंद आपल्याकडे विरळा आहे, आणि जे पाहावयास येतात ते बहुतेक एकच प्रश्न विचारतात, की घरात मेजावर मांडता येणारी गोष्ट उन्हापावसात कशासाठी नेली? त्या प्रश्नाचे उत्तर देता देताच या छंदाचे सारे शास्त्र सांगता येते, म्हणून तेथूनच आरंभ करणे इष्ट.

छताखालच्या लघुरेल्वेचा उत्तम नमुना पुणेकरांना परका नाही. कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या संग्रहातून उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले, आणि पुण्यातील मुलांच्या दोन पिढ्यांनी तेथील काळोख झालेल्या नगरीत दिवे लागताना आणि गाड्या एकमेकींना वाट देताना श्वास रोखून पाहिले आहे. तेथील मापन १:८७ चे आहे, म्हणजे खऱ्या मार्गाचे सत्त्याऐंशी मीटर तेथे एका मीटरात मावतात. रुळांतील अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर. सिग्नल, सांधे, पूल, रस्ते, सर्कशीचा तंबू या सर्वांची तेथील मांडणी इतकी काटेकोर आहे, की एका माणसाच्या चिकाटीचे ते स्मारकच म्हटले पाहिजे. परंतु त्या नगरीत पाऊस पडत नाही. तेथे वारा नाही, धूळ बेताची, उष्णता समान, आणि पायाखालची जमीन ही वस्तुतः सुताराने रंधा मारून सपाट केलेली फळी आहे. घराबाहेर पडलेल्या रेल्वेचा मामला अगदी निराळा, कारण गाडी कितीही लहान केली तरी पावसाचा थेंब लहान होत नाही.

हे वाक्य अलंकारिक नव्हे. ते शब्दशः घ्यावे. आमच्या मार्गाचे मापन १:२२.५ चे आहे. पावसाचा तीन मिलिमीटरचा टपोरा थेंब या मापनाने पाहिला असता जवळजवळ सात सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे मोठ्या लिंबाहूनही मोठा ठरतो. आमच्या या मुळशी भागात आषाढात एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडणे ही नवलाची बाब नाही. त्या लहान रुळांच्या दृष्टीने तो सव्वादोन मीटरांचा पाऊस असतो. सागाचे एक वाळके पान फूटभर रूळ झाकून टाकते, आणि गाडीच्या मापाने ते पावणेसात मीटर लांबीचे होते. ज्या खेकड्यांनी भाताचे बांध पोखरावेत त्यांनी खडीच्या भरावात बीळ केले, तर ते बोगद्याएवढे होते. माणसाने आपल्या कृतीचे प्रमाण घटविले. निसर्गाने आपले तसूभरही घटविले नाही. या विषम लढतीत टिकेल असा मार्ग बांधणे, हाच अंगणातील रेल्वेचा खरा आनंद आहे असे माझे मत आहे. मेजावरील गाडीत मिळतो त्याहून तो अधिक खोल आहे, कारण तो अभियंत्याचा आनंद आहे.

येथे मापांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण नवख्याचा गोंधळ प्रथम याच ठिकाणी होतो. रुळांतील अंतर आणि मापन या दोन भिन्न गोष्टी आहेत. न्यूरेंबर्ग येथील लेहमान या खेळणी बनविणाऱ्या जर्मन पेढीने १९६८ साली उघड्यावर चालणारी, पाण्याने न बिघडणारी गाडी बाजारात आणली आणि तिच्यासाठी ४५ मिलिमीटर अंतराचे पितळी रूळ ठरविले. या ४५ मिलिमीटरांना साडेबावीसने गुणले असता मीटर गेज हाती येते. ज्या मीटर गेजवरून विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभापर्यंत पुणे-मिरज-कोल्हापूरची गाडी धावत होती तेच हे. ज्याला माथेरानची गाडी करावयाची आहे त्याने निराळा हिशेब धरावा. माथेरानचे रूळ दोन फुटांचे. एका फुटाला १६ मिलिमीटर असे प्रमाण मानले तर ते ३२ मिलिमीटर होतात, आणि इंग्लंडात या मापाचे चाहते पुष्कळ आहेत. याहून मोठी मापे म्हणजे साडेतीन, पाच आणि सव्वासात इंची. या गाड्यांच्या डब्यांवर माणसे पाय सोडून बसतात, आणि सव्वासात इंची इंजिनाला चांगली आठदहा माणसे ओढता येतात. परंतु त्यांना वळणासाठी विस्तीर्ण जागा लागते आणि खर्चही तसाच. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ पासून मुलांना मिरविणारी फुलराणी ही गाडी त्याच्याही पुढची पायरी.

लहान रुळांवर मोठे काम करून दाखविण्याचा ध्यास ज्या पुरुषाने प्रथम गंभीरपणे घेतला तो इंग्लंडातील डर्बीशायर परगण्याचा जमीनदार सर आर्थर हेवूड. १८७४ पासून त्याने आपल्या डफील्ड बँक येथील वाडीत, डोंगराच्या उतारावर, अवघ्या १५ इंच अंतराच्या रुळांचा मार्ग बांधला; त्यावर बोगदे काढले, लाकडी पूल उभारला, आणि भोजनाचा व निद्रेचा असे दोन डबेही केले. त्याला खेळ करावयाचा नव्हता. शेतमळे, खाणी आणि लष्कर यांच्या उपयोगाला येईल असे सर्वांत अरुंद गेज कोणते, या प्रश्नाचा तो प्रयोगाने छडा लावीत होता. लष्कराने त्याचे म्हणणे मनावर घेतले नाही. पण १८९६ च्या सुमारास ईटन हॉल येथील एका मोठ्या जहागिरीत त्याच्या मार्गावरून कोळसा आणि विटा रोज वाहून नेल्या जाऊ लागल्या. त्याच काळात एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वेच्या खटपटीत होता. १८९७ साली अडीच फुटी रुळांवरून बार्शीची गाडी धावली, आणि पुढे १९०७ साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या चिकाटीने नेरळ-माथेरान मार्ग सुरू झाला. या सर्वांचा मूळ विचार एकच, की मोठ्या रुळांना जे डोंगर फोडावे लागतात त्यांना लहान रूळ वळसा घालून जातात. अंगणातील रुळांची वंशावळ अशी कामकरी आहे, हे मला नेहमी अभिमानास्पद वाटत आले.

आता प्रत्यक्ष अंगणाची हकिकत. आमचे अंगण ४२ फूट लांब व २५ फूट रुंद आहे, आणि लांबीच्या दिशेने चाळीस फुटांत एक फूट असा त्याला उतार आहे. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात, जमीन आहे तशीच ठेवून, वरची माती चार बोटे खरवडून आणि थोडी खडी पसरून मी रूळ मांडले, आणि मृगाच्या पहिल्या दोन सरींनीच त्यांतील अर्धे उचलून खालच्या कुंपणाला नेऊन लावले. ती चूक सर्वस्वी माझी होती. घराच्या पायऱ्यांचे काम करावयास आलेले गावातील वयस्क गवंडी ते पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “काका, आधी पाण्याला वाट द्या, मंग तुमच्या गाडीला.” ज्या माणसाने जन्मभर भाताचे बांध घातले त्याला लोहमार्गाच्या शास्त्राचे पहिले कलम शिकविण्याची गरज नसते.

त्यानंतर जे काम झाले ते खाचराच्या रीतीने झाले. वरच्या कडेला आडवा चर खणून अंगणात उतरणारे पाणी बाजूने काढून दिले. रुळांच्या वाटेवर नऊ इंच रुंद आणि सहा इंच खोल खंदक घेऊन त्यात मुरूम धुम्मस करून बसविला, त्यावर खडी आणि खडीवर क्रशरची जाड चुरी. ही चुरी चाळून, तिच्यातील पीठ काढून टाकून घ्यावी लागते, कारण पिठामुळे पाणी तुंबते आणि तुंबलेल्या पाण्याने चिखल वर येतो. खडीचे काम रुळांना धरून ठेवण्याइतकेच पाण्याला सोडून देण्याचे आहे, ही गोष्ट मोठ्या रेल्वेला जितकी लागू तितकीच या लहान मार्गाला. गोल वाळूचे खडे वापरू नयेत. ते एकमेकांत अडकत नाहीत व घरंगळतात. खालच्या बाजूला एक फूट उंचीचा दगडी बांध घालून त्यात दोन मोऱ्या ठेवल्या, आणि त्या मोऱ्यांमधून श्रावणात जे पाणी धावते ते पाहण्यासाठी मी पुष्कळदा छत्री घेऊन नुसताच उभा राहिलो आहे.

बांध घालण्याचे कारण केवळ पाणी नव्हे. चढाचा प्रश्न त्यात होता, आणि मला तो या सर्व विद्येतील सर्वांत सुंदर भाग वाटतो. चढ हे गुणोत्तर आहे, आणि लोखंडी चाक रुळाला किती धरून राहील हेही गुणोत्तरच. म्हणून गाडी लहान केल्याने चढ सोपा होत नाही. जो चढ मोठ्या इंजिनाला छातीवर येतो तोच लहान इंजिनालाही येतो. कोरड्या रुळांवर इंजिन आपल्या वजनाच्या सुमारे एक-चतुर्थांश एवढे ओढू शकते, असा स्थूल अदमास धरतात. आमच्या तीन किलोच्या इंजिनाचा ओढा म्हणजे साडेसातशे ग्रॅम. इंजिन व प्रत्येकी एक किलोचे चार डबे मिळून सात किलोची गाडी. तिला चाळीसास एक या चढावर नुसते गुरुत्वाकर्षणच पावणेदोनशे ग्रॅमने मागे खेचते, आणि आसांचे घर्षण त्यात मिळवावे लागते. दुपारी कोरड्या रुळांवर हे जमते. परंतु मार्गशीर्षात वाळकीच्या खोऱ्यात पहाटे धुके भरते, रुळांवर दव साचते, चाकाची पकड निम्म्याहूनही कमी होते, आणि इंजिन जागच्या जागी चाके फिरवू लागते. मोठ्या इंजिनांना यासाठीच चाकांपुढे वाळू सोडण्याच्या नळ्या असतात. बांधामुळे आमचा चढ आता शंभरास एकाहून अधिक कोठेही नाही. उंची मोजण्यासाठी गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरेशी झाली.

याच हिशेबाने सह्याद्रीकडे पाहिले की बोरघाटाच्या कामाची थोरवी कळते. १८६३ साली पुरा झालेल्या त्या मार्गावर सदतिसास एक असा चढ आखलेला आहे, आणि तेवढा राखण्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले. डोंगर चढता चढता दिशा बदलण्यासाठी तेथे गाडी उलट फिरविण्याचे स्थानक होते. पावसाने त्या कामाचीही परीक्षा घेतली. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. माथेरानचा चढ तर विसास एक इतका तीव्र आहे, आणि तेथील आवळ वळणांसाठी ओरेनस्टाईन अँड कोपेल या जर्मन कारखान्याची खास वाकणाऱ्या आसांची इंजिने आणावी लागली. आमच्या अंगणाचा मूळ उतार जवळजवळ बोरघाटाएवढाच होता, हे मला बांध घातल्यानंतर ध्यानात आले.

उन्हाचा बंदोबस्त त्यामानाने सोपा, परंतु विसरला तर अनर्थकारक. पितळ तापले की पसरते. दहा मीटर लांबीचा पितळी रूळ पहाटेच्या पंधरा अंशांवरून दुपारच्या पंचावन्न अंशांवर गेला, तर साडेसात मिलिमीटर वाढतो. सांधे घट्ट आवळून टाकले तर रूळ नागासारखा वाकडा होऊन खडीतून वर येतो. म्हणून प्रत्येक सांध्यात थोडी फट ठेवावी, आणि रूळ टाकण्याचे काम कडक थंडीत किंवा भर उन्हात न करता मध्यम उष्णतेच्या वेळी करावे. लाकडी स्लीपर वाळवीच्या हवाली करू नयेत. उन्हाला टिकणारे प्लास्टिकचे घ्यावेत. वळणाबाबत माझा आग्रह आहे, की जागा असेल तेवढे ते मोठे करावे. आमची वळणे दीड मीटर त्रिज्येची आहेत आणि त्याहून लहान वळणांवर लांब डबे बेढब दिसतात, शिवाय चाकांच्या कडा झिजतात.

वीज, बॅटरी किंवा वाफ यांपैकी गाडी कशाने चालवावी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा विषय आहे. रुळांतून वीज खेळविणे कोथरूडच्या छताखालच्या नगरीला शोभते. मुळशीच्या दमट हवेत रूळ रोज पुसावे लागतील. बॅटरीची गाडी निर्वेध चालते. पण वाफेची सर तिला नाही, आणि वाफेचे शास्त्रही मापनाच्या त्याच नियमाने रोचक झालेले आहे. लांबी साडेबावीस पट घटली की पृष्ठभाग सुमारे पाचशे पट घटतो आणि घनफळ अकरा हजारांहून अधिक पट. याचा अर्थ असा, की लहान बॉयलरात पाणी थोडे आणि ते थंड करणारी बाजू त्यामानाने फार मोठी. त्यामुळे लहान इंजिने कोळशावर चालणे अशक्य, ती नुसती स्पिरिटच्या दिव्यावर रांगणार, असा समज एके काळी रूढ होता. १९२० नंतरच्या दशकात एल.बी.एस.सी. या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंग्रज कारागिराने ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकातून तो मोडून काढला. अडीच इंची रुळांवरच्या त्याच्या कोळशाच्या इंजिनाने धडधाकट माणूस ओढून दाखविला, आणि आपल्या वाचकांना त्याने तसे इंजिन घरच्या लेथवर करण्यास शिकविले. आजची लहान इंजिने बहुधा ब्युटेन वायूवर चालतात.

इंजिन पेटविण्याचा विधी एकदा तरी जवळून पाहावा. तांब्याचा बॉयलर तीन-चतुर्थांश भरावयाचा. त्यासाठी आम्ही कौलावरून धरून गाळलेले पावसाचे पाणी वापरतो, कारण विहिरीच्या जड पाण्याचा क्षार आत जमतो. तेलाच्या डबीत घट्ट तेल, वायूच्या टाकीत वायू, आणि मग काडी. धुराड्यात ज्योत भक्कन मागे सरून नळीत बसते आणि तिची बारीक गुरगुर ऐकू येऊ लागते. पाच-सात मिनिटे काहीच घडत नाही. नंतर दाबाच्या तबकडीवरील काटा शून्यावरून सुटतो, दहा, वीस, तीस करीत चाळीस पौंडांपर्यंत येतो, आणि सुरक्षा झडप शुभ्र वाफेचा तुरा सोडते. सिलिंडरांना वाफ देणारी झडप उघडल्याबरोबर गाडी निघत नाही. थंड सिलिंडरांत वाफेचे पाणी झालेले असते, ते इंजिन हाताने पुढे-मागे ढकलून काढून टाकावे लागते, आणि धुराड्यातून तेलकट पाण्याचे चार शिंतोडे हातावर उडतात. त्यानंतर मात्र ते स्वतःच्या बळावर सुटते. मीटर गेजची गाडी ताशी ४५ किलोमीटर वेगाने जात असेल तर या मापनात तिने ताशी दोन किलोमीटर जावे, म्हणजे आमच्या मार्गाची एक फेरी ६५ सेकंदांत पुरी व्हावी. गावातील मुले हातात घड्याळ धरून हा हिशेब तपासतात आणि गाडी भरधाव गेली तर मला टोकतात.

सुरक्षिततेविषयी एक शब्द आवश्यक आहे. बॉयलर चांदीच्या डाखाने जोडलेलाच घ्यावा, कथलाच्या डाखाने कधीही नाही, आणि चालविण्याच्या दाबाच्या दुप्पट दाबाने त्याची पाण्याची परीक्षा झाल्याखेरीज तो पेटवू नये. वॉल्ट डिझ्ने याने १९५० साली लॉस एंजेलिस येथील आपल्या घराभोवती सव्वासात इंची रुळांचा, सुमारे आठशे मीटरांचा मार्ग बांधला होता; पत्नी लिलियन हिच्या फुलबागेखालून जवळजवळ नव्वद फुटांचा वळणदार बोगदा काढला, मार्गाच्या हक्काबद्दल तिच्याशी रीतसर करारनामा केला, आणि इंजिनाला तिच्यावरून ‘लिली बेल’ असे नाव ठेवले. १९५३ साली एका अपघातात इंजिन घसरून वाफेने एक लहान मूल किंचित भाजले, तेव्हा त्याने ती गाडी कायमची बंद केली. त्याचा तो निर्णय मला थोर वाटतो. आमच्या घरी करारनामा झाला नाही. परंतु तुळशीवृंदावनाकडे जाणारी पायवाट अडता कामा नये, अशी घरच्या मंडळींची अट होती, म्हणून त्या ठिकाणी दोन फळ्यांचे फाटक आहे आणि सकाळच्या पूजेच्या वेळी गाडी उभी असते.

ज्या वाचकाच्या मनात असा मार्ग बांधण्याची इच्छा उत्पन्न झाली असेल त्याला माझी एवढीच विनंती, की त्याने खरेदीची घाई करू नये. पहिला पावसाळा नुसता पाहण्यात घालवावा. छत्री घेऊन अंगणात उभे राहावे, पाणी कोठून येते, कोठे रेंगाळते आणि कोठून बाहेर पडते ते पाहून तेथे तेथे खुंट्या माराव्यात, आणि त्या खुंट्यांवरून कागदावर नकाशा काढावा. चर आणि मोऱ्या नवरात्रापर्यंत करून घ्याव्यात. रूळ दिवाळीनंतर टाकावेत.